माघारीच्या दिवशी आपला उमेदवार कुठं असतो?

दुपारी तीनला दार बंद होतं. निवडणूक अधिकाऱ्याच्या कचेरीचं. २०२४ च्या विधानसभेला तो दिवस ४ नोव्हेंबर होता. खानदेशातल्या कुठल्याही तहसील कचेरीसमोर माघारीच्या दिवशी अडीचला जाऊन उभे राहा. सिनेमाला जायची गरज नाही. निळ्या गमछ्यातला आपला वाघ, जो आठवड्यापूर्वी पुतळ्याला हार घालून फॉर्म भरायला गेला होता, तो कुणाच्या तरी काळ्या काचेच्या गाडीतून उतरतो. खाली मान घालून आत जातो. बाहेर येतो तेव्हा मान वर असते. "समाजाच्या व्यापक हितासाठी" असं काहीतरी बोलतो. आणि जातो.

मी एकदा असल्याच एका उमेदवाराचा बूथ एजंट होणार होतो. तालुका सांगत नाही. नाव तर नाहीच नाही. पंधरा दिवस आम्ही वाड्या पालथ्या घातल्या होत्या. मजुरी करणाऱ्या बाया लुगड्याच्या गाठीतून दहा-दहा रुपये काढून देत होत्या. त्याची वही माझ्याकडे होती. माघारीच्या दिवशी दुपारपासून साहेबांचा फोन बंद. रात्री कळलं, की ज्याच्या विरोधात उभे होते त्याच्याच सभेत हार घालून बसलेत. ती वही अजून माझ्या घरी आहे. फेकवत नाही.

पुढच्या निवडणुकीला त्याच वाडीत गेलो. दुसरा उमेदवार, दुसरा गट, घोषणा तीच. एक म्हातारी ओट्यावर बसली होती. म्हणाली, "भाऊ, मत तं तुलेच देसूत. पन तू माघार तं नही लेशी ना?"

दोस्तहो, तुमच्याजवळ त्या म्हातारीला द्यायला उत्तर आहे का? असेल तरच २०२९ च्या गोष्टी करा. नसेल तर हा लेख वाचा, मला शिव्या द्या, पण वाचा.

आधी आकडा बघा. जळगाव जिल्ह्यात विधानसभेच्या अकरा जागा. धुळ्यात पाच. सोळा. २०२४ ला सोळाच्या सोळा महायुतीकडे गेल्या. एकही विरोधी आमदार नाही. आणि त्याच्या सहाच महिने आधी काय झालं होतं? लोकसभेला धुळ्यात २०१४ आणि २०१९ असे दोनदा निवडून आलेले भाजपचे सुभाष भामरे काँग्रेसच्या शोभा बच्छाव यांच्याकडून पडले होते. चार हजारांच्या आतल्या फरकानं. संविधानाचा प्रश्न होता, म्हणून आपली वस्ती उन्हात रांगेला उभी राहिली होती. मालेगावचा मुसलमान उभा राहिला होता. बसलेला माणूस उठवता येतो, हे आपल्याच मतांनी मे महिन्यात दाखवलं. नोव्हेंबरला ती मतं कुठं गेली?

कुणी म्हणतं लाडकी बहीण. दीड हजार रुपये महिना. असेल. पण पंधराशे रुपयांना आपल्या आयाबहिणी विकल्या गेल्या असं म्हणणारे जे आपले भाषणबाज आहेत, त्यांना मी सांगतो, तोंड सांभाळा. ती बाई विकली गेली नाही. तिच्या खात्यात आयुष्यात पहिल्यांदा तिच्या नावानं पैसे आले. तुम्ही तिच्या दारात दर पाच वर्षांनी एकदा येता, तेही निळा झेंडा आणि डीजे घेऊन. तिनं कुणाला ओळखावं?

बसलेला आमदार म्हणजे काय चीज असते ते नीट समजून घ्या. आपली पोरं समजतात, तो पैसा वाटतो म्हणून निवडून येतो. पैसा शेवटच्या दोन रात्री लागतो. उरलेले अठराशे दिवस तो दुसऱ्याच गोष्टीवर बसलेला असतो. संजय गांधी निराधार योजनेची तालुक्याची समिती घ्या. विधवेला, म्हाताऱ्याला, अपंगाला महिना पगार मिळतो तो त्या समितीच्या सहीनं. समितीवरचे बिनसरकारी लोक कुणाचे असतात? त्याचे. रेशन दुकानदार कुणाचा? त्याचा. विकास सोसायटीचा चेअरमन, बाजार समितीतला संचालक, दूध संघाचा माणूस, शाळेत शिपाई भरणारी संस्था. जातीचा दाखला अडला, पोरगं पोलीस ठाण्यात बसवलं, सिव्हिलला खाट मिळेना, की वस्तीतला माणूस कुणाला फोन लावतो? आमदाराच्या पी.ए.ला. तो पी.ए. काम करतो. वर उपकार म्हणून करतो. जो आपला हक्क आहे तोच आपल्याला भीक म्हणून वाढतो, आणि आपण ताट पुसून जय म्हणतो. ह्याला म्हणायचं बसलेला आमदार. खुर्ची मुंबईत असते, पण पाय आपल्या वाडीत असतात.

असा माणूस किती वर्षं बसू शकतो? जळगाव शहर बघा. सुरेशदादा जैन १९८० ला आमदार झाले ते २०१४ पर्यंत. नऊ वेळा. पक्ष बदलले, चिन्हं बदलली, माणूस तोच. त्यांच्या काळात झोपडपट्टीवाल्यांसाठी घरकुलं बांधायची योजना निघाली. झोपडपट्टीत कोण राहतं हे तुम्हाला सांगायला नको. त्या घरकुलांचा घोटाळा झाला. २०१२ ला अटक झाली. २०१४ ची निवडणूक तुरुंगातून लढले आणि पडले. ३१ ऑगस्ट २०१९ ला धुळ्याच्या विशेष कोर्टानं सात वर्षांची शिक्षा सुनावली. प्रकरण पुढं हायकोर्टात अपिलात गेलं, तो वेगळा विषय. माझा प्रश्न असा, की घरं ज्यांची बुडाली त्या वस्त्यांनी त्यांना पाडलं का? नाही. भाजपच्या सुरेश भोळे यांनी पाडलं. एक सुरेश गेला, दुसरा सुरेश आला. आपण पोलिंगला होतो, निकालात नव्हतो.

एदलाबाद म्हणा, मुक्ताईनगर म्हणा. १९६७ ते १९८५ प्रतिभाताई पाटील. १९९० ते २०१९ एकनाथराव खडसे. अर्धं शतक जवळजवळ दोन माणसांत संपलं. २०१९ ला भाजपनं खडसेंचं तिकीट कापून मुलीला, रोहिणी खडसेंना दिलं. सेनेचे बंडखोर चंद्रकांत पाटील अपक्ष उभे राहिले आणि दोन हजारांच्या आतल्या मतांनी जिंकले. तीस वर्षांचा गड दोन हजार मतांनी गेला! दोन हजार मतं म्हणजे किती? आपल्या चार-पाच वाड्या. त्या वाड्यांनी एक दिवस ठरवलं असतं, तर मुक्ताईनगरचा आमदार कोण हे त्या ठरवू शकत होत्या. आणि ठरवण्याचा मोबदला म्हणून पाच वर्षं कामं वसूल करू शकत होत्या. जामनेरला गिरीश महाजन १९९५ पासून आहेत. ते गावात फिरतात, हे मान्य केलं पाहिजे. शत्रूचं खोटं वर्णन करणारा कार्यकर्ता शत्रूपेक्षा घातक.

आता आपल्या नाजूक जागेवर बोट ठेवतो. राखीव जागा.

खानदेशात अनुसूचित जातीसाठी एकच जागा आहे. भुसावळ. २००८ च्या मतदारसंघ फेररचनेत राखीव झाली, २००९ ला पहिली निवडणूक. भुसावळ म्हणजे रेल्वेचं जंक्शन, रेल्वेच्या चाळी, ऑर्डनन्स फॅक्टरी, दीपनगरचं वीज केंद्र. युनियनमध्ये घडलेला, पेपर वाचणारा, सहा डिसेंबरला दादरला जाणारा आपला माणूस तिथं तीन पिढ्यांचा. महाराष्ट्रात राखीव जागेला ह्यापेक्षा चांगली जमीन शोधून सापडायची नाही. निकाल बघा. २००९, संजय सावकारे, राष्ट्रवादी काँग्रेस. २०१४, संजय सावकारे, भाजप. २०१९ आणि २०२४, तेच, भाजप. नंतर मंत्रीही झाले. माणसाबद्दल मला काही म्हणायचं नाही. चार वेळा निवडून येणारा माणूस बिनकामाचा नसतो. पण चार निवडणुकांत आंबेडकरी चळवळीनं त्या जागेवर स्वतःचा एक माणूस पाठवला नाही, हे कुणाचं पाप? पक्ष बदलला, उमेदवार तोच राहिला. म्हणजे जागा समाजाला राखीव नव्हती. जो पक्ष त्या वेळी वरचढ, त्याला राखीव होती.

आणि शिरपूर. ही जागा आदिवासींची. अमरीशभाई पटेल १९९० पासून २००९ पर्यंत तिथले आमदार. फेररचनेत जागा अनुसूचित जमातीला गेली. आपल्याला वाटलं, चला, पटेलांचं राज्य संपलं. संपलं का? काशिराम पावरा २००९ ला काँग्रेसकडून, २०१४ ला काँग्रेसकडून. पटेल स्थानिक स्वराज्य संस्थांच्या मतदारसंघातून विधान परिषदेवर. २०१९ ला पटेल भाजपात गेले. पावराही गेले. २०१९ ला भाजपचे आमदार, २०२४ ला भाजपचे आमदार. आता सांगा, जागा कुणाला राखीव आहे?

हे नवीन नाही रे पोरांनो. हे २४ सप्टेंबर १९३२ ला येरवड्यात ठरलं. बाबासाहेबांनी स्वतंत्र मतदारसंघ मागितला तो ह्यासाठीच, की आमचा माणूस आमच्या मतानं निवडून यावा आणि आम्हालाच जाब द्यावा. पुणे करारात जागा ७१ च्या १४८ झाल्या, पण निवडणार कोण? सगळे. करारात एक खुंटी ठोकली होती. आधी अस्पृश्य मतदारांनी आपल्यातले चार जण निवडायचे, त्यातून मग सर्वांनी एक. ती खुंटी दहा वर्षांसाठी होती. गेली. आता राखीव जागेवर उमेदवार होण्याची पहिली पात्रता ही, की तो आपल्याला चालो न चालो, पाटलाला चालला पाहिजे. कांशीरामांनी १९८२ ला 'चमचा युग' लिहून हेच सांगितलं. आपण पुस्तक विकत घेतलं, उशाला ठेवलं आणि चमचे होण्याच्या रांगेत लागलो.

पण मी असंही म्हणणार नाही, की राखीव जागा कुचकामी, सोडून द्या, बहिष्कार घाला. १९७४ च्या जानेवारीत पँथरनं मध्य-दक्षिण मुंबईच्या पोटनिवडणुकीवर बहिष्कार घातला. वरळी पेटली. भागवत जाधव मारला गेला. काँग्रेस पडली, कम्युनिस्टांच्या रोझा देशपांडे आल्या. त्या बहिष्काराला धार होती कारण रस्त्यावर ताकद होती, आणि मतं न पडल्याचा हिशेब समोरच्याला मोजून दाखवता येत होता. आज तुम्ही बहिष्कार म्हणता तेव्हा तो घरी झोपायचा दुसरा शब्द असतो.

लढायचं, तर लढलेल्यांकडे बघा. १९३७. स्वतंत्र मजूर पक्ष जन्मून वर्षही झालं नव्हतं. समोर काँग्रेस, गांधींचा फोटो, शेठजींचा पैसा. बाबासाहेबांनी सतरा उमेदवार उभे केले, चौदा निवडून आणले. त्यात पूर्व खानदेशचा एक होता. दौलत गुलाजी जाधव. किती जणांना हे नाव माहीत आहे? हात वर करा. जळगावच्या पोरांनो, तुमच्याच जिल्ह्याचा पहिला आंबेडकरी आमदार आहे तो! आपल्याला नागपूर पाठ, महाड पाठ, आणि आपल्या उंबऱ्यातलं माणूस ठाऊक नाही. तेव्हा मत द्यायचा हक्कसुद्धा सगळ्यांना नव्हता. शिक्षण पाहिजे, मालमत्ता पाहिजे. तरी निवडून आणला. कारण खोतीचा प्रश्न, वतनाचा प्रश्न, गिरणी मजुराचा प्रश्न, असे प्रश्न घेऊन पक्ष उभा होता. फक्त अस्मिता घेऊन नव्हे.

आणि हरलेल्यांकडेही बघा. १९५२ ला उत्तर मुंबईत खुद्द बाबासाहेब हरले. हरवणारे काँग्रेसचे काजरोळकर. आज घटनाकाराला पाडणारा म्हणून त्यांचं नाव शिल्लक आहे. १९५४ ला भंडाऱ्याच्या पोटनिवडणुकीत पुन्हा हरले. म्हणून काय बाबासाहेब काँग्रेसच्या व्यासपीठावर हार घालून बसले? हरणं वेगळं. माघार वेगळी. विकून हरणं तिसरंच.

दादासाहेब गायकवाडांनी १९५९ ला भूमिहीनांचा सत्याग्रह केला तेव्हा खानदेश तुरुंगात गेला होता. १९६४ च्या ६ डिसेंबरला देशभर सत्याग्रह सुरू झाला, लाखो लोकांनी अटक करून घेतली. मागणी काय? पडीक जमीन द्या. म्हणजे प्रश्न पोटाचा होता, म्हणून बाई पोर कडेवर घेऊन तुरुंगात गेली. त्या गायरानांच्या फायली आजही तहसीलमध्ये धूळ खात आहेत. १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं नियमित करायचा सरकारी निर्णय आहे, पुरावे आहेत, दंडाच्या पावत्या आहेत, आणि सातबारा नाही. तुमच्या तालुक्यात अशी किती प्रकरणं आहेत ते सांगा. माहीत नसेल तर आमदारकीच्या गप्पा बंद करा. ती यादी ज्याच्या खिशात आहे तो उमेदवार. बाकीचे बॅनरवरचे चेहरे. शहाद्याकडे १९७२ नंतर श्रमिक संघटनेनं भिल्ल-पावऱ्यांच्या जमिनी सोडवायला हात घातला तेव्हा आधी यादीच केली असणार, भाषण नंतर.

आता एकीचं. हा विषय काढला की आपले लोक डोळे पुसतात. १९५७ ला ३ ऑक्टोबरला नागपुरात रिपब्लिकन पक्ष झाला आणि दोनेक वर्षांत फुटायला लागला. ते रडगाणं मी गाणार नाही. मी फक्त १९९८ सांगतो. गट एकत्र आले, काँग्रेसशी समझोता केला, आणि लोकसभेला चार जण निवडून आले. प्रकाश आंबेडकर अकोल्याहून, रा. सू. गवई अमरावतीहून, जोगेंद्र कवाडे चिमूरहून, रामदास आठवले मुंबईहून. चारही जागा खुल्या! राखीव नाहीत. वर्षभरात लोकसभा बरखास्त झाली. १९९९ च्या निवडणुकीपर्यंत एकी उरली नव्हती. पुढं काय झालं ते समोर आहे. आठवले २०११ ला सेना-भाजपकडे गेले, २०१६ पासून केंद्रात राज्यमंत्री. वंचित आघाडीनं २०१९ ला लाखोंनी मतं घेतली, विधानसभेत शून्य. २०२४ ला परत शून्य. ह्यातल्या प्रत्येकाजवळ आपल्या भूमिकेचं समर्थन आहे. मी ऐकलंय. सगळी समर्थनं खरी वाटतात, हीच तर पंचाईत.

आणि जे म्हणतात "धर्मनिरपेक्ष पक्षाला डोळे मिटून मत द्या", त्यांनाही विचारतो. धुळे ग्रामीणला काँग्रेसचे कुणाल पाटील २०१४ आणि २०१९ ला निवडून आले. आपल्या वस्तीची मतं त्यांना गेली नाहीत असं कुणी म्हणणार नाही. २०२४ ला पडले. २०२५ ला भाजपात गेले. मग आपल्या त्या मतांचं काय? ती पण गेली का भाजपात? मत देताना शर्त घालायची सवय नसली की असं होतं. गुरं विकताना बाजारात आपण दात मोजतो. मत देताना मोजत नाही.

धुळे शहरात २०१९ ला एमआयएमचे फारूक शाह निवडून आले. दोन मोठी भांडली, मधून तिसरा गेला. २०२४ ला तशी भांडणं झाली नाहीत, जागा गेली. दुसऱ्याच्या भांडणावर एकदा आमदार होता येतं. दोनदा नाही.

तर करायचं काय. मी पंचांग सांगत नाही, हिशेब सांगतो. विधानसभेचं डिपॉझिट दहा हजार रुपये, आपल्याला निम्मं, पाच हजार. ते वाचवायला झालेल्या वैध मतांचा सहावा हिस्सा लागतो. मान्यताप्राप्त पक्षाच्या उमेदवाराला एक सूचक, अपक्षाला दहा. ते दहाही त्याच मतदारसंघातले मतदार. दर वेळी छाननीत आपले दोन-चार फॉर्म ह्याच कारणानं उडतात. क्रांती करायला निघालेल्या माणसाला दहा सह्या नीट घेता येत नाहीत. खर्चाची मर्यादा चाळीस लाख, समोरचा ती सभेच्या मंडपातच संपवतो, कागदावर दिसत नाही. आपण पैशात त्याला गाठू शकत नाही. ते स्वप्न बघायचंच नाही.

माणसांत गाठू शकतो. एका मतदारसंघात तीनशेच्या आसपास बूथ असतात. बूथला दोन माणसं म्हणजे सहाशे. सहाशे पोरं-पोरी, ज्यांना आपल्या बूथची यादी तोंडपाठ आहे. कोण मेलं, कोण लग्न होऊन गेली, कुणाचं नाव कापलं गेलं, कोण अठरा वर्षांचा झाला. दिवाळी झाली की चाळीसगाव-पाचोऱ्याकडून ऊसतोडीच्या टोळ्या निघतात. मतदान २० नोव्हेंबरला. आपली मतं त्या वेळी ट्रॅक्टरवर बसून साखर कारखान्याच्या रस्त्याला असतात. कुठल्या उमेदवारानं मुकादमाशी बोलून मतदानाच्या दिवशी गाडी परत आणायची सोय केली? समोरचे करतात. आपल्या टोळीसाठी नव्हे, त्यांच्या मतांसाठी. मतदान संपल्यावर केंद्राध्यक्ष १७-सी नावाचा कागद देतो, किती मतं पडली त्याचा. एजंटनं तो सही करून घ्यायचा असतो. आपला एजंट पाचला चहाला गेलेला असतो, किंवा समोरच्याच्या जेवणाला. मग निकालानंतर आपण मशीनवर आरोप करतो. मशीनवर संशय घ्यायचा तर हातात तीनशे कागद पाहिजेत. कागद नसताना बोंब मारणं सोपं आहे, वर्तमानपत्रात छापूनही येतं.

आणि उमेदवार. तो माघारीच्या दिवशी कळत असेल तर आधीच उशीर झाला. उमेदवार चार वर्षं आधी ठरला पाहिजे आणि वस्तीत बसून ठरला पाहिजे. पुणे करारातली ती गेलेली खुंटी आपणच परत ठोकू ना! भुसावळला आपल्या मतदारांनी बसून चार नावं काढावीत. महार, मातंग, चांभार, मेहतर सगळ्यांनी. फक्त बौद्धवाड्यात बैठक घेऊन "समाजाचा निर्णय" म्हणाल तर बाकीच्या जाती म्हणतील, तुमचा समाज तुम्हाला लखलाभ. भुसावळच्या राखीव जागेवर आपण ही चूक चारदा केली. आपण इतर दलित जातींशी जसं वागतो ते बघून मला कधी कधी गावच्या पाटलाची आठवण होते. राग येऊ द्या. खरं आहे.

त्या चारांतून मग एक. तो पाच वर्षं संजय गांधीचे फॉर्म भरेल, गायरानाच्या तारखांना हजर राहील, पोरगं ठाण्यात बसवलं तर रात्री जाईल. आणि उपकार म्हणून नाही. प्रत्येक फॉर्मसोबत सांगेल, की बाई, हा तुझा कायद्यानं हक्क आहे, माझे आभार मानू नकोस. आमदाराच्या पी.ए.ची खुर्ची त्या दिवशी हलायला लागेल. निवडून नाही आला तरी हलेल.

चाळीसगावचा टांगा आठवतो का? २३ ऑक्टोबर १९२९. बाबासाहेब अस्पृश्यांच्या तक्रारी तपासणाऱ्या सरकारी कमिटीचे सदस्य. धुळ्याकडून बहिष्काराच्या प्रकरणाची चौकशी करून येताना चाळीसगावला उतरले. वस्तीतल्या लोकांनी आग्रहानं थांबवून घेतलं. न्यायचं कसं? टांगेवाला म्हणाला, महाराला घेऊन मी टांगा हाकणार नाही. तासभर खटपट झाली. शेवटी टांगा त्याचा घेतला आणि हाकायला आपल्यातलाच एक बसला, ज्यानं जन्मात टांगा हाकला नव्हता. पुलावर घोडं बिथरलं, चाक अडकलं, बाबासाहेब दगडी फरशीवर फेकले गेले, घोडा आणि टांगा खाली नदीत. बाबासाहेबांचा पाय मोडला. त्यांनीच हे लिहून ठेवलंय.

आपले लोक हा प्रसंग सांगतात तो टांगेवाल्याच्या जातीयतेसाठी. बरोबरच आहे. पण मला तो हाकायला बसलेला माणूस सुटत नाही. त्याची माया खोटी नव्हती. मानही होता, हिंमतही होती. त्याला हाकता येत नव्हतं, एवढंच. १९२९ ला त्याच्याकडे शिकायला घोडा नव्हता. तुमच्याकडे काय कारण आहे?

३१ जुलैला नेहमीप्रमाणे धुळ्याजवळ लळिंगच्या लांडोर बंगल्यावर गर्दी होईल. १९३७ ला बाबासाहेब तिथं आले होते, त्याची आठवण. हजारो लोक येतात, गाणी होतात, जेवणं होतात, दुपारी पावसात भिजत परततात. यंदा येताना एक करा. आपल्या बूथची मतदार यादी घेऊन या. छापील, तालुक्याच्या कचेरीतून आणलेली. पानांवर पेनानं खुणा केलेली असावी, कोण गेलं, कोण आलं, कोण टोळीला गेलंय. आणि मागच्या पानावर दोन नावं लिहा, त्या बूथवर मतदानाच्या दिवशी सकाळी सहापासून सील लागेपर्यंत कोण बसणार. त्यातलं एक नाव बाईचं पाहिजे. ज्याच्याकडे यादी नसेल त्यानं जेवून जावं, त्याला कोणी नाही म्हणणार नाही. भुसावळ, जळगाव, जामनेरच्या पोरांनी बंगल्याच्या उजव्या अंगाला बसावं. धुळे, शिंदखेडा, साक्रीवाल्यांनी डाव्या अंगाला. वही मी आणतो. तीच जुनी, तिच्यात बरीच पानं कोरी आहेत.